शाळेतले सगळ्यांत स्वच्छ दात

मी एक कवळी बोलतेय. हसा खुशाल. फक्त हसताना तोंड जरा मोठं उघडा, म्हणजे मागच्या दाढा दिसतील. लोकांच्या तोंडात डोकावायची सवयच लागलीय मला, त्याला इलाज नाही.

आजोबांच्या उशाशी वाटीभर पाण्यात पडून असते, त्यातली मी नव्हे. मी चांगली प्रवासी बॅगेएवढी आहे. वर सोळा, खाली सोळा, असे बत्तीस दात, एकेक दात साबणाच्या वडीएवढा. मागे पितळी बिजागरी. उघडली की आ, मिटली की खट्. जीभ नाही, घसा नाही, पोट तर नाहीच. नुसतं तोंड. आणि तरी बोलते. नुसत्या तोंडावर जगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, तेव्हा नवल वाटून घेऊ नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. कामाला बसला की तो आपली कवळी काढून माझ्या शेजारी फळीवर ठेवायचा आणि तिच्याकडे बघत बघत माझ्या दाढांना आकार द्यायचा. म्हणजे खोटीवरून केलेली मी दुसरी खोटी. आत प्लास्टर, वर पांढऱ्या रंगाचे चार हात, हिरड्या गुलाबी. खालची एक दाढ त्यानं झाकणासारखी उघडेल अशी केली आणि तिच्या आत काळी कीड रंगवली, मुलांना कळावं म्हणून. त्या किडीवर तो इतका खूश होता, की रस्त्यावरच्या माणसांना आत बोलावून दाखवायचा. तेव्हापासूनच माझ्या डोक्यात हवा गेली. डोकं नाही मला, पण हवेला काय, कुठंही शिरते.

मग एक दिवस मला कापसात गुंडाळून पेटीत घातलं आणि मी निघाले. कुठं, कशाला, ते मला शाळेत पोचल्यावर कळलं. मला वाचता येत नाही, पण माझ्यासमोर कुणी मोठ्यानं वाचलं तर शब्द न शब्द लक्षात राहतो. पेटी उघडली त्या दिवशी हेडसरांनी पत्र वाचून दाखवलं. तीन देशांनी मिळून शाळेतल्या मुलांच्या आरोग्याचं काम करायचं ठरवलं होतं. एका देशानं सामान द्यायचं, दुसऱ्यानं अनुभव द्यायचा आणि तिसऱ्यानं मुलं द्यायची. आमचा देश तिसरा.

पेटीत आधी मी होते. मग माझ्यासाठी एक झाडूएवढा ब्रश. खाली एकशे शहाऐंशी लहान ब्रश, लाल-निळे-हिरवे, प्रत्येक मुलामागे एक. पेस्टच्या नळ्या. आणि तळाशी फॉर्मांचं एक जाड पुडकं, दर महिन्याला एक भरून परत पाठवायचा.

शिपाईमामांनी मला उचलून टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले.

"हिला खायला काय घालायचं, सर?"

"मामा, ती शिकवायची वस्तू आहे. हात धुऊन धरा."

"धुतले असते. नळाला पाणी कुठंय?"

ते खरंच होतं. पटांगणात एकच नळ, तोही करंगळीएवढी धार सोडणारा, आणि त्याच्यापुढं एकशे शहाऐंशी पोरं.

पेटीबरोबरच शाळेला आरोग्यताई मिळाली होती. तरुण बाई, चालायची भराभर, बोलायची हळू. मोडक्या बाकांची एक खोली तिनं रिकामी करून घेतली, झाडून पुसून आत खाट टाकली, वजनकाटा ठेवला, खाटेपुढं निळा पडदा लावला. त्याआधी कुणा मुलाला ताप आला तर घरचं माणूस येईपर्यंत पायरीवर बसवून ठेवायचे. आता खाट होती, ताई होती. पण ताईची नेमणूक ह्याच कार्यक्रमातली होती आणि कार्यक्रम होता वर्षाचा. वर्षाखेरीस पाहुणे येऊन बघणार होते. त्यांना पसंत पडलं तर पुढं चालू, नाही तर ताई घरी आणि खोलीत परत मोडके बाक. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईला सगळ्यांत जास्त.

आता हेडसरांबद्दल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाही तर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. मागे कधीतरी शाळेला खेळाचं सामान मिळालं होतं. पोरं खेळली, चेंडू फुटले, दोऱ्या तुटल्या. मग तपासायला कुणी आलं आणि वहीत शेरा मारून गेलं, 'सामानाची निगा राखलेली नाही.' तो शेरा सरांच्या छातीत काट्यासारखा रुतून बसला होता. म्हणून माझ्याबरोबरचे ब्रश त्यांनी मोजले, कपाटात रचले आणि कुलूप लावलं.

ताई म्हणाली, "सर, ब्रश वाटायचे ना?"

"पाहुणे येतील तेव्हा. नवेकोरे दिसले पाहिजेत."

"तोवर मुलं घासणार कशानं?"

"ही एवढी मोठी कवळी कशाला पाठवलीय मग? हिच्यावर शिकवा. आधी हात बसू दे त्यांचा."

तुम्ही सरांना हसू नका. तुमच्याही घरात कपाटात चांगले कप असतील, पाहुण्यांसाठी ठेवलेले. आणि तुम्ही स्वतः रोज कान तुटलेल्या कपातून चहा पीत असाल.

तर असा माझा तास सुरू झाला. दातांचा तास. रोज सकाळी मला पटांगणात टेबलावर मांडायचे, आ करून. पोरं रांगेत. एकेकानं यायचं, मोठा ब्रश दोन्ही हातांनी धरायचा, वरून खाली, खालून वर, मग मागच्या दाढा, आणि बाजूला व्हायचं. ताई शिकवायची मनापासून. पोरंही करायची मनापासून. दिवसाला एकशे शहाऐंशी वेळा माझे दात घासले जायचे. राजाराणीच्या दातांची एवढी सेवा झाली नसेल. मी अशी काही फुगले होते, की बिजागरी तुटायचीच बाकी होती. मला वाटायचं, समुद्र ओलांडून आले ती ह्यासाठीच. शाळेचं आरोग्य म्हणजे मीच.

महिना संपला की ताई फॉर्म भरायला बसायची. त्यात विचारलेलं असायचं, दातांच्या तासाला किती मुलं हजर होती. हजर तर सगळी असायची. तापानं फणफणलेली पोरंसुद्धा माझ्यासाठी यायची. तरी पहिल्याच महिन्यात ताईचा हात थांबला.

"सर, ह्यात ब्रश कपाटात आहेत असं लिहायला जागाच नाही."

"मग लिहू नका. हजर होती ना सगळी?"

"होती."

"मग लिहा एकशे शहाऐंशी. खोटं आहे का काही?"

खोटं काहीच नव्हतं. मीसुद्धा वरून खालपर्यंत खोटी, पण माझ्यावरचा रंग खरा होता, तसंच ते.

चार महिन्यांनी तिकडून पत्र आलं. सगळ्या शाळांत आमची शाळा पहिली. एकही मूल गैरहजर नाही, असं कुठंच घडलेलं नाही. सरांनी ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. ताई त्या चौकटीखाली उभी राहून म्हणाली, "सर, आता तरी ब्रश काढू या."

"आता? पहिला नंबर आलाय. चाललंय ते नीट चाललंय, हात कशाला लावायचा?"

त्या दिवसानंतर बोलणं आणखी अवघड झालं, कारण आता भिंतीवर काच होती.

मधल्या काळात माझं काय झालं ते सांगते. पुढचे दोन दात सगळ्यांच्या सोयीचे, म्हणून सगळे तिथंच जोर लावायचे. आधी चकाकी गेली, मग रंग गेला, मग प्लास्टर उघडं पडलं. भुकटी पडायला लागली. खालच्या त्या झाकणाच्या दाढेत पोरं खडूचे तुकडे लपवायची. कीड कधीच दिसेनाशी झाली. पण मला वाटायचं, झिजणं म्हणजे मोठेपणा. असं वाटणाऱ्या बाया घरोघरी असतात. मला निदान कुणी तसं शिकवलं नव्हतं, माझं मीच ते डोक्यात घेतलं.

माझ्या ब्रशाची राखण एका मुलीकडं होती. तिसरीतली, वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून सगळे पिटुकली म्हणायचे. टेबलाला हात पुरायचा नाही म्हणून ती विटेवर उभी राहायची. बाकीची पोरं पुढचे दोन खरडून पळायची. पिटुकली शेवटी राहायची आणि मागच्या दाढा करायची, हळू, गोल गोल फिरवून. बरोबर बोलायची. "आ कर गं. अजून मोठा. झालं, झालं, रडायचं नाही."

एक दिवस बघते तर ती घासता घासता डाव्या गालावर हात दाबून धरतेय. मग रोजच. डबा खाताना एकाच बाजूनं चावायची. ताईनं तोंड उघडायला लावलं आणि बघत राहिली.

"कधीपासून दुखतंय?"

"खूप दिवस. ताई, माझ्या दाढेला ब्रश कधी?"

"घरी नाही का ब्रश?"

"आई आणणार होती. मग शाळेतून चिठ्ठी आली, शाळेत मिळणार म्हणून. मग आई म्हणाली, दोन-दोन कशाला."

ताई म्हणाली, "पाहुणे आले की देणार आहेत."

"पाहुणे कधी येणार?"

"येतील आता लवकर."

"मग तोवर मी हिचेच घासते," पिटुकली म्हणाली आणि विटेवर चढली.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कान नाहीत म्हणू नका, ऐकलं. आणि मी काय केलं? दात दाखवले. दुसरं येतंय काय मला?

ताईनं पिटुकलीला लवंगाचं तेल लावलं, गोळी दिली, आईला दवाखान्यात न्यायला सांगितलं. आई शिलाईच्या कारखान्यात होती, रजा मिळेना. सुट्टीच्या दिवशी दातांचा दवाखाना बंद. आज नेते, उद्या नेते करत दिवस गेले. ताई स्वतःही कपाटापाशी दोनदा जाऊन उभी राहिली. कुलपाला हात लावून परत आली. किल्ली सरांच्या खिशात आणि नोकरी पाहुण्यांच्या हातात. ती काय करणार, असं मी तेव्हा म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही. पण मी स्वतः त्या टेबलावर आ करून नटून बसलेली, मी कोण तिला बोल लावणार?

शेवटी पाहुणे यायचं ठरलं. शाळेत धांदल उडाली. मामांनी शाळेच्या फाटकाला पांढरा रंग दिला आणि उरलेला माझ्या दातांना. फाटकाचा रंग तो, दाट आणि चिकट. रात्रभरात वाळला नाही. सकाळी मी टेबलावर बसले ती दुकानातल्या पांढऱ्या भांड्यासारखी चकाकत. मामा लांबून बघून म्हणाले, "आता लग्नाला उभी केली तरी चालेल."

सरांनी कपाट उघडलं आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक नवाकोरा ब्रश दिला. "तोंडात घालायचा नाही आत्ताच. पाहुण्या बाई सांगतील तेव्हा."

पिटुकली आली ती फाटकापाशीच बसली. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, अंग तापलेलं. सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, हिला घरी पाठवा."

"घराला कुलूप आहे, सर. आई कामावर गेलीय."

"मग तुमच्या खोलीत निजवा. पडदा ओढून घ्या. पाहुणे जाईपर्यंतच." आणि मग हळू म्हणाले, "तुमच्यासाठीच सांगतोय. खोली राहिली पाहिजे ना?"

ताईनं पिटुकलीला खाटेवर निजवलं. पडदा ओढताना तिचा हात मी दारातून पाहिला. कडीत अडकल्यासारखा तो बराच वेळ तसाच राहिला.

पाहुणे तिघं होते. सामानाच्या देशातून एक डॉक्टरीणबाई, दातांची डॉक्टर, केस पिकलेली, गळ्यात चष्मा. अनुभवाच्या देशातून एक मास्तर, पायात साध्या चपला, हातात शिसपेन्सिल आणि वही. आणि दोघांचं बोलणं इकडून तिकडं करायला एक दुभाष्या. ह्या दुभाष्याची एक खोड होती. सर दहा मिनिटं बोलले की तो एका वाक्यात संपवायचा. सरांनी शाळेचा सगळा इतिहास सांगितला, त्यानं बहुतेक नुसतं 'शाळा जुनी आहे' एवढंच सांगितलं असावं.

मग डॉक्टरीणबाई हसून काहीतरी म्हणाल्या. दुभाष्या मुलांकडं वळला. "बाई म्हणतायत, आता सगळ्यांनी दात घासून दाखवा."

आणि काय सांगू तुम्हाला. एकशे शहाऐंशी पोरं, म्हणजे पिटुकली सोडून एकशे पंचाऐंशी, एक शब्दही न बोलता रांगेत उभी राहिली आणि सरळ माझ्याकडं आली. पहिला मुलगा पुढं झाला, आपला नवाकोरा ब्रश त्यानं माझ्या पुढच्या दातांवर फिरवला, वरून खाली, खालून वर, आणि बाजूला झाला. मग दुसरा. मग तिसरी. कुणी ढकलाढकली नाही, कुणी हसलं नाही. वर्षभराची सवय. एवढी शिस्त, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

बाईंना आधी वाटलं असेल, हा धडा आहे, मग आपापले घासतील. दहा मुलं झाली. वीस झाली. प्रत्येकाच्या ब्रशाला फाटकाचा रंग. बाईंनी हात वर करून रांग थांबवली आणि हळू आवाजात काही विचारलं.

दुभाष्या म्हणाला, "बाई विचारतायत, स्वतःचे कधी घासतात?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पहिलीतला एक जण म्हणाला, "आमचे पण दाखवायचेत?"

सर घाईनं म्हणाले, "घरी, घरी. घरी घासतात सगळी."

बाई माझ्याजवळ आल्या. अंगठा माझ्या पुढच्या दातावर दाबला. रंग अंगठ्याला आला आणि खालून झिजलेलं प्लास्टर दिसलं. आयुष्यभर मी तोंड उघडं ठेवलं, मिटावंसं वाटलं ते त्या एका क्षणी. पण बिजागरीत रंग गेला होता.

ताई पुढं आली. "मला काही सांगायचंय."

सर म्हणाले, "ताई, पाहुण्यांच्या पाण्याचं बघा जरा."

"मामा बघतील, सर." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. कपाट सांगितलं, कुलूप सांगितलं, फॉर्म सांगितले. काचेतलं पत्र सांगितलं. सर जमिनीकडं बघत उभे. सांगून झालं. दुभाष्या ताईच्या जवळ वाकून म्हणाला, "हे असंच्या असं सांगू? तुमचीच जागा जायची."

"असंच सांगा. आणि छोटं करू नका."

त्या दिवशी पहिल्यांदा तो जेवढं ऐकलं तेवढं बोलला. तो बोलत होता तोवर ताई खोलीत गेली आणि निळा पडदा सर्रकन बाजूला केला.

बाई खाटेशी गुडघ्यावर बसल्या. पिटुकलीनं सवयीनं आ केला, मला शिकवायची तसा. बाई दोनच शब्द बोलल्या. ह्या खेपेला दुभाष्यानंच वाढवून सांगितलं. "पू चढलाय वर. थांबायला वेळ नाही. गाडीतून आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

मामा धावत कारखान्याकडं गेले, पिटुकलीच्या आईला आणायला. बाई, ताई आणि दुभाष्या मुलीला घेऊन गाडीत बसले. ताईच्या मांडीवर डोकं ठेवलेली ती पोर माझ्याकडं बघून म्हणाली, "उद्या हिचे कोण घासणार?"

गाडी गेली. मी तिथंच. त्यानंतर माझ्या डोक्यातली हवा परत कधी भरली नाही.

पटांगणात आता सर राहिले, पोरं राहिली आणि तो चपलावाला मास्तर राहिला. दुभाष्या गेलेला, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला कळायची सोय नाही. सर बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मास्तर व्हरांड्यातल्या फळ्यापाशी गेला आणि खडूनं चित्र काढलं. एक कपाट. कपाटाला कुलूप. आत साबणाच्या वड्या, ओळीनं. मग वड्यांवर उंदीर काढले, एक, दोन, पाच. मग वड्या पुसून टाकल्या आणि नुसते जाडे उंदीर ठेवले. शेवटी कपाटासमोर एक माणूस काढला, हातात किल्ली, आणि त्या माणसाकडं बोट दाखवून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

सर उठून फळ्याजवळ आले. मग म्हणाले, "तुमच्याकडं पण?" मास्तराला शब्द कळले नसतील. त्यानं मान हलवली.

मग त्यानं फळा पुसून दुसरं चित्र काढलं. एक लांब पाइप, त्याला ओळीनं भोकं. एका टोकाला पाण्याचं पिंप. पाइपाला दोन्ही बाजूंनी मुलं, कमरेएवढ्या उंचीवर. मामा तोवर पिटुकलीच्या आईला दवाखान्यात पोचवून परत आले होते. त्यांनी चित्राकडं एकदा पाहिलं. "हे कळलं मला," म्हणाले, आणि शाळेमागं पडलेला जुना पाइप ओढत आणला.

दोन दिवस ते दोघं खपत होते. मामा आपल्या भाषेत, मास्तर आपल्या भाषेत. "धर. अहो, असा नाही, तिरपा." तिकडून काहीतरी उत्तर यायचं, तेही बहुधा 'तिरपा नाही, सरळ' असंच असावं, कारण दोघं भांडायचे आणि पाइप बरोबर बसायचा. अठरा भोकं पाडली. अठरा पोरं एका वेळी चूळ भरतील अशी सोय झाली, करंगळीएवढ्या नळावर रात्रभर भरलेल्या पिंपातून. मी समुद्र ओलांडून कापसातून आले, चार हात रंगाची. आणि काम केलं ते गंजलेल्या पाइपानं. बसा आता, कवळीबाई.

सरांनी पोरांच्या हातातले रंग लागलेले ब्रश गोळा करून स्वतः रॉकेलनं, मग साबणानं धुतले. पिटुकलीचा तेवढा कपाटात उरला होता, तोही काढून ठेवला. पेस्टच्या नळ्या उघडल्या तर आत दगड. वर्षभरात वाळून गेल्या होत्या. पहिल्या दिवशी पोरांनी नुसत्या पाण्यानं दात घासले. निम्म्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि ती घाबरली. माझ्या हिरड्यांतून कधी आलं नव्हतं ना.

पिटुकली पाचव्या दिवशी आली. सूज उतरलेली, चेहरा एवढासा. दाढ काढावी लागली होती. दुधाची नव्हे, सहाव्या वर्षी मागं येते ती, जन्मभराची. ती परत येत नाही. माझ्याकडं बत्तीस होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता.

पाहुण्यांचा निर्णय यायचा होता. ताईनं वजनकाटा पुसून ठेवला, खोलीतल्या औषधांच्या बाटल्या वेगळ्या केल्या, म्हणजे जायची वेळ आली तर उशीर नको. फॉर्म मात्र नवा आला होता. आता हजेरी विचारत नव्हते, किती मुलांच्या दातांत कीड आहे ते विचारत होते. ताईनं एकेकाचं तोंड बघितलं, दोन दिवस लागले.

"सर, एकशे एकतीस."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एवढे?"

"एवढे."

"लिहा," सर म्हणाले. आणि मग, "नीट लिहा, अक्षर बघून."

दोन महिन्यांनी पत्र आलं. सर माझ्यासमोर उभे राहूनच वाचत होते. कार्यक्रम पुढं तीन वर्षं चालू. आरोग्यताईंची जागा कायम ठेवावी. तुमच्या शाळेचा क्रमांक शेवटचा आहे. आणि पुढं असं, की तुमच्या शाळेची हकीकत इतर शाळांना वाचून दाखवल्यावर तुमच्या आणि मास्तरांच्या देशातल्या आणखी सात शाळांनी आपापली कपाटं उघडली आहेत. सरांनी भिंतीवरची काच उतरवली. त्या जागी काही लावलं नाही. खिळा तेवढा राहिला, त्याला आता कुलपाशिवायची किल्ली टांगलेली असते.

ताईनं बाटल्या परत जागेवर लावल्या. लावताना रडत होती की घाम पुसत होती, मला नीट दिसलं नाही. पाठमोरी होती.

ह्याला आता तीन वर्षं झाली. मी ताईच्या खोलीत कपाटावर आहे. फाटकाचा रंग पापुद्रे होऊन पडला, पुढच्या दोन दातांच्या जागी खड्डे आहेत, बिजागरी अर्ध्यावर अडकलीय, त्यामुळं माझं तोंड ना उघडं ना मिटलेलं. काही सांगायला निघालेली आणि मध्येच विसरलेली म्हातारी दिसते मी. मामा रंग द्यायला निघाले होते, ताईनं नको म्हटलं. बरं केलं.

खिडकीतून मला पाइप दिसतो. पिटुकली सहावीत गेली. अजून बुटकीच आहे. पहिलीतल्या पोरांना दात घासायला तीच शिकवते. मला खाली काढत नाही. स्वतःचा गाल बोटानं ओढून धरते आणि आतली रिकामी जागा दाखवते. पोरं वाकून वाकून बघतात, एकदम गप्प होतात आणि ब्रश मागच्या दाढेपर्यंत नेतात. माझ्या रंगवलेल्या किडीनं हे कधी झालं नाही.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. घरात, शाळेत, कचेरीत, कुठंही मुलांसाठी काही आलं असेल, तर ते आजच काढा. मळू द्या, झिजू द्या, हरवू द्या. शेरा मारणारे मारतील. आणि माझ्यासारखी कुणी छान दात दाखवत समोर बसलेली दिसली, तर तिच्या मागं कपाट आहे का, एवढं बघा.

परवा एक नवं पोर ताप आला म्हणून खाटेवर आणलं. त्यानं वर बघितलं आणि पाणी घेऊन आलेल्या पिटुकलीला विचारलं, "ती कोण?"

"ती होय? कवळी. आधी आम्ही सगळे तिचेच दात घासायचो."

"का?"

पिटुकलीनं पाणी खाटेशी ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तेच तर कळत नाही," ती म्हणाली. "तू आ कर बघू. अजून मोठा."